आधी लगीन गटाराचं

इमारतीमागच्या आवारात कृत्रिम गवत अंथरायचं ठरलं. गवतवाला नमुना घेऊन आला तेव्हा सोसायटीच्या कमिटीतल्या प्रत्येकाने तो वीतभर तुकडा एकदा तरी गालाला लावून पाहिला. ३५ मिलिमीटर उंचीची पाती, तीन-चार छटांची हिरवाई आणि मधूनच काही तपकिरी पाती, खोटं गवत खरं वाटावं म्हणून कारखान्यातच वाळवलेली. मी विचारलं, "पाण्याचं काय?" त्याने तुकडा उलटा करून पाठीवरची भोकं दाखवली. "पाणी खाली जातं, साहेब." "आणि खालून कुठे?" यावर त्याने रंगांचं कार्ड काढलं.

मुंबईत खार दांड्याच्या कोळीवाड्याच्या आसपास, समुद्राला लागून राहणाऱ्याला हा 'खाली' झोपू देत नाही. आमच्या इमारतीमागचं आवार जेमतेम ६० चौरस मीटर. जमीन भरावाची, वर शहाबादी लाद्या. समोरचा रस्ता दर डांबरीकरणाला थोडा थोडा वर चढत गेला आणि आम्ही होतो तिथेच राहिलो. त्यामुळे पहिल्या मोठ्या सरीला आवारात चपला तरंगतात. तिथे गवत अंथरलं असतं तर तेही तरंगलं असतं, पात्यांमध्ये भरलेली वाळू गटारात गेली असती आणि उरलेल्या ओल्या प्लॅस्टिकवर सोसायटीच्या कुत्र्यांनी आपले संस्कार केले असते. तो वास तळमजल्याला, म्हणजे मला. म्हणूनच बहुधा कमिटीने हे काम एकमताने माझ्याकडे दिलं.

मिस्त्रीने पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली. नळीकडे बराच वेळ एक डोळा मिटून पाहिल्यावर तो म्हणाला, "साहेब, उतार चांगला आहे. फक्त बाजू चुकलीय." सगळं आवार माझ्या बेडरूमच्या भिंतीकडे अदबीने झुकलेलं होतं. उतार शंभराला एक हवा, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच, आणि तोही इमारतीपासून दूर. "एवढासा? कुणाला दिसणार पण नाही," मिस्त्री हिरमुसला.

सेक्रेटरींना शोषखड्डा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, हवा होता. खर्च कमी आणि पर्यावरणपूरक, शिवाय वार्षिक अहवालात छान दिसतो. खणायला घेतला तेव्हा कंपाउंडपलीकडून दांड्याचे एक काका बघत होते. जन्म होडीत गेलेला. त्यांनी एवढंच विचारलं, "आज तिथी कोणती?" मग हिशेब सांगितला. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अष्टमीची भरती भांगाची, तिला जोर नसतो. "पुनवेला दुपारी बघा तुमचा खड्डा." पुनवेला आकाश निरभ्र होतं, पावसाचा थेंब नव्हता आणि तीन फुटी खड्ड्यात कोपरभर पाणी चढलं होतं. आम्ही त्याला पाणी पाजणार होतो, त्यानेच आम्हाला पाजलं. खड्डा बुजवायचा खर्च वेगळा.

खजिनदारांनी बिल पाहून भुवई उडवली. "यात कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरत नाहीये हो, तेच तर दुखणं आहे!"

पुढचा शोध गच्चीचा. गच्चीचे पावसाळी पाईप थेट मागच्या आवारात तोंड उघडून उभे होते. हिशेब सोपा आहे: १०० चौरस मीटर गच्चीवर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५,००० लिटर पाणी, म्हणजे अर्धा टँकर. शहराची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटरच्या अंदाजाने बांधलेली, पावसाळी पाण्याच्या निचऱ्यासाठीच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाने ती क्षमता ५० वर न्यायचं ठरवलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, त्यापुढे हे दोन्ही आकडे फारच विनयशील वाटतात. ते असो. गच्चीचे पाईप बंद नळीतून पुढच्या बाजूला वळवले. हे काम आधी केलं नसतं तर वरची कितीही भारी हिरवळ बुडालीच असती.

खरी गोम भरतीची. भरतीला समुद्र गटाराच्या तोंडाशी येऊन बसतो आणि पाणी उलटं आत येतं. म्हणून चेंबरला एकाच दिशेने उघडणारी झडप बसवली. पण झडप मिटली की आपलंही पाणी आतच! काकांच्या भाषेत सांगायचं तर, ओहोटी लागेपर्यंत त्याला कुठेतरी बसवून ठेवायला हवं. लाद्या काढून, जमीन ठोकून, वर जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड घातलं, त्यावर धुतलेली खडी २० सेंटिमीटर, खडीत भोकांचा पाईप. खडीच्या थरात तिसरा हिस्सा तरी पोकळी असते, म्हणजे साधारण ४,००० लिटर पाणी तिथे निमूट थांबू शकतं. मिस्त्रीला खडीवर दगडाची बारीक पावडर पसरून 'गुळगुळीत फिनिशिंग' करायचं होतं. पोकळीच बुजली असती. फिनिशिंगवरून आमचं जे भांडण झालं ते तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी गॅलरीत खुर्ची टाकून पाहिलं.

सभेत मात्र प्रश्न एकच. एवढे पैसे घातले, दिसतं काय? खडी, जाळी आणि एक झाकण. सेक्रेटरींना उद्घाटनाची फीत बांधायलाही जागा सापडेना.

जुलैच्या उधाणात, भर पावसात, आवारात पाणी साचलं नाही. चपला जागच्या जागी. काकांनी येऊन खडीवर पाय दाबून पाहिला आणि काही न बोलता मान हलवली. पण गवत अजून आलेलं नाही, कारण ओल्या हवेत सांध्यांचा गोंद धरत नाही, तेव्हा गवतवाल्याने दिवाळीनंतरची तारीख दिलीय. दरम्यान खडीतून आपोआप खरं गवत उगवलंय, चांगलं घोट्याएवढं, दाट आणि फुकट. ते उपटायला तीन कोटेशनं मागवायचा ठराव कमिटीने मंजूर केलाय.