बैल वाचवायचाय? आधी मोबाईल चार्ज करा

दिवाळी सरली की सांगली-कोल्हापूरकडे दोन गोष्टी एकदमच पेटतात: कारखान्याचा बॉयलर आणि शहरातून मोटार काढून आलेल्या माणसाची भूतदया. उन्हाळा लागला की दोन्ही विझतात. मधल्या चार-पाच महिन्यांत उसाने शिगोशीग भरलेली टायरगाडी तुमच्या पुढ्यात येणारच, आणि तिच्या जुवाखाली तोंडाला फेस आलेली जोडी. तुमचा जीव कळवळेल. कळवळू द्या. पण कळवळण्यालाही रीत असते.

पहिलं काम म्हणजे गाडीच्या पुढे जाऊन मोटार आडवी घालणे. चढ असेल तर उत्तम. बहुतेक ऊसगाड्यांचा ब्रेक म्हणजे बैलांची मान, हे तुम्हाला ठाऊक नसेल. गाडीवान कासरा ओढतो, बैल थांबतात, सपाटीला मागचे दोन-अडीच टन मात्र लगेच थांबत नाहीत. ते जुवातून पुढे रेटतात आणि जू मानेवरून सरकत शिंगांच्या मुळाशी येतं. व्हिडिओत हे छान दिसतं. मग तुमचं भाषण संपलं की त्याच जोडीला, चढ असेल तर त्या चढावर, ती गाडी जागची हलवायची असते. चालती गाडी ओढायला लागतो त्याच्या कितीतरी पट जोर थांबलेली गाडी हलवायला लागतो. बैल दिवसभर लावू शकतो तो जोर त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका. त्याच्या फार वर गेलं की गुडघे टेकतात. पण तोवर तुम्ही पुढच्या टोलनाक्यावर पोचलेले असाल, त्यामुळे ते बघावं लागत नाही.

आता गुन्हेगार. तो शोधायला वेळ लागत नाही: ज्याच्या हातात चाबूक, तो. त्याच्या मागे कोण कोण आहे ते विचारत बसू नका, एका फ्रेममध्ये एवढी माणसं मावत नाहीत. नवरा-बायको मिळून कारखान्याच्या भाषेत एक 'कोयता'. हा कोयता बीडकडून मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन आलेला असतो आणि उचल फिटते टनावर. खेप अर्धा टन हलकी केली तर बैलाची मान सुटते आणि माणसाची अडकते. दिवस उजाडायच्या आत तोड, मग मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, फडातून बाहेर काढायची, आणि रात्र कारखान्याच्या अड्ड्यात नंबर लावून. कारखान्याला ऊस वेळेवर हवा, कारण तोडलेला ऊस पडून राहिला की वजनही घटतं आणि साखरेचा उताराही. हे सगळं रेटत रेटत शेवटी ज्याच्यावर येतं त्याला बोलता येत नाही. त्याच्या अलीकडचा माणूस बोलतो, पण तुम्ही त्याला बोलू देऊ नका.

कायद्याचा धाक जरूर घाला. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये दंड आहे. आकडा मोठ्याने सांगू नका, गाडीवान सुटे काढून देईल. त्याच्या जोडीला ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५चे नियम आहेत. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांती न देता सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचंच नाही. बैल लहान, मध्यम की मोठा, गाडी टायरची की साधी, यावर ओझ्याचा तक्ताही आहे.

प्रश्न पुराव्याचा. बैल किती ओढतोय हे रस्त्यावर उभं राहून कसं सिद्ध करणार? इथे एक मौज आहे. गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर चढते, वजन किलोपर्यंत मोजलं जातं आणि त्याची पावती मिळते. देशात इतका नेमका नोंदवला जाणारा गुन्हा दुसरा सापडणं कठीण. शंभर दिवसांच्या पावत्या घेऊन जिल्ह्याच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक समितीपुढे बसायचं, काट्यावर ठरावीक वजनापुढची गाडी घ्यायची नाही एवढा ठराव मागायचा, आणि हलक्या खेपेला दर वाढवून मागायचा. अर्ज, पोच, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज. यात पार्श्वसंगीत घालायला कुठेच जागा नाही, म्हणून हा मार्ग तुमच्यासाठी नव्हे.

खरी संधी येते ती बैल कोसळल्यावर. फडातून गाडी बाहेर निघताना ओल्या रानात चाकं रुततात तेव्हा, नाहीतर डांबरावर, पत्र्या झिजल्या असतील तर. (बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन आणि चार पायांना आठ पत्र्या. घोड्याचा नाल मनात धरून चार मोजू नका.) बैल पडला की शक्य तितकी माणसं गोळा करा. एकाने शेपूट पिळावी, एकाने वेसण ओढावी, आणि सगळ्यांत कनवाळू माणसाने त्याच्या तोंडात बाटलीभर पाणी ओतावं. आडव्या पडलेल्या बैलाला ओतलेलं पाणी नीट गिळता येत नाही. ते श्वासनळीत उतरतं आणि दोन-चार दिवसांनी फुफ्फुसाच्या सुजेने बैल जातो. तेव्हा तुमचं नाव कोणी घेणार नाही, निर्धास्त राहा.

अडाणी गाडीवान काय करतात तेही सांगून ठेवू, म्हणजे त्यांना अडवता येईल. ते आधी चाकांच्या मागे-पुढे दगड लावतात. मग धुरेखाली (गाडीच्या पुढच्या दांड्याखाली) टेकू देतात, कारण दोन चाकांच्या गाडीचा पुढचा भार बैलाच्या मानेवर असतो आणि टेकू न देता जोतं (मानेखालचा पट्टा) सोडलं तर गाडी एक तर त्याच्यावर बसते, नाहीतर मागे उलाळते. त्यानंतर जोतं सैल करून शिवळ (जुवाची खुंटी) काढतात. उभ्या बैलालाही सोडून बाजूला बांधतात, नाहीतर तो बुजून पडलेल्यावर पाय देतो. पडलेला बैल कुशीवर असेल तर त्याला ढकलून छातीवर बसता करतात, कारण कुशीवर जास्त वेळ राहिला की पोट फुगून श्वास कोंडतो. खुरांखाली माती नाहीतर पोती टाकतात, आणि मग थांबतात. गुरं आधी मागचे पाय उचलतात, मग पुढचे. म्हणून पुढून मुंडकं ओढणं म्हणजे त्याला उठू न देणं. दहा-पंधरा मिनिटांत बहुतेक बैल आपणहून उठतात. या पंधरा मिनिटांत कोणी काहीच करत नसतं, हे बघायला कंटाळवाणं आहे. तेवढ्यात कोणी १९६२ या नंबरवर फोन करून फिरता पशुवैद्यकीय दवाखाना मागवत असेल तर त्याला गावाचं आणि फाट्याचं नाव सांगू नका. नुसतं 'हायवेवर' म्हणा.

बैल उठला की त्याला खाऊ घाला. तुमच्याकडे शिळ्या पोळ्या असतील, बिस्किटं असतील, लग्नातला उरलेला भात असेल. सगळं एकदम पुढे ठेवा. ज्या पोटाला वैरणीची सवय आहे त्यात इतकं पीठ गेलं की ते आंबतं, आम्ल वाढतं, रवंथ बंद पडतं आणि बैल पुन्हा बसतो. त्याला खरं लागतं ते पाणी, दिवसाला ४०-५० लिटर, थोडं थोडं, सावलीत. पण चाळीस लिटर पाणी म्हणजे हायवेकडेच्या हापशावरून बादल्या. सोडा.

तसं त्याच्या पोटाची हेळसांड आधीच झालेली असते. फडात फुकट मिळतात म्हणून नुसती वाढी, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. त्यात ऑक्झॅलेट असतं, ते अंगातला चुना ओढून नेतं. त्यावर चुन्याची निवळी, मूठभर खनिज मिश्रण आणि निम्मा कडबा, एवढा साधा उतारा आहे. ट्रॉलीभर कडबा अड्ड्यात नेऊन उतरवला तर बैलांना कळेल. तुमच्या फॉलोअर्सना कळणार नाही.

खांद्याकडे वळू. जुवाखालची खांदेसूज ही ऊसगाडीच्या बैलाची खरी खूण. जोडीतला एक उंच आणि एक बुटका असला, जू खडबडीत असलं, दवाने भिजलेल्या मानेवर तसंच चढवलं, गाडी पुढे जड भरली, की आधी ऊन, दुखरी सूज येते. या वेळी थंड पाण्याच्या घड्या आणि जुवापासून सुट्टी दिली तर बैल बरा होतो. नाही दिली तर सूज कठीण होते, आवाळू (गाठ) होतं, पू धरतो, आणि मग शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नाही. औषध म्हणजे सुट्टी, आणि नेमकं तेच दुकानात मिळत नाही. गाडीवानाला आठ दिवसांची मजुरी देऊन बैल सोडवून घेता येतो, पण त्यात 'रेस्क्यू' हा शब्द बसत नाही. त्यापेक्षा मलमाची डबी द्या. मलम लावलेल्या खांद्यावर जू अधिक सुळसुळीत बसतं.

दुखणं थांबवायला कोणी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन सुचवेल. जनावरांसाठी ते २००६पासून बंद आहे. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. मेलॉक्सिकॅम चालतं, ते पशुवैद्य देतील. पण दुखणं कळेनासं झालेल्या बैलाला दुसऱ्या दिवशी पुन्हा जुंपतात, हा त्यातला गंमतीचा भाग.

इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये एक फारच बेरंगी गोष्ट केली. दोन बैलांच्या मध्ये, जुवाच्या खाली एक फिरतं चाक बसवलं. मानेवरचा भार त्या चाकावर. 'सारथी' म्हणे. त्याचे फोटो तुम्ही तेव्हा पुढे पाठवले असतील. आपल्या गावच्या कारखान्याच्या किती गाड्यांना ते चाक लागलंय, हे कोणी कोणाला विचारल्याचं मात्र ऐकिवात नाही.

आणि शेवटी पांजरपोळ, म्हणजे सोडवलेली जनावरं सांभाळणारी जागा. बैल जप्त करा, टेम्पो बोलवा, सात-आठ बैल एकात कोंबा. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८चे नियम एका ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं घेऊ देत नाहीत आणि पशुवैद्याचा दाखला मागतात, पण ते नियम कसायासाठी असतात, आपण तर वाचवतोय. पांजरपोळात ठेवण्याचा खर्च मालकाकडून वसूल होऊ शकतो. मालक म्हणजे तोच, चाबूकवाला. तो मुकादमाकडे जातो, नव्या जोडीसाठी नवी उचल घेतो, आणि पुढच्या कार्तिकात त्याच रस्त्यावर, थोड्या जास्त भरलेल्या गाडीसह, तुम्हाला पुन्हा भेटतो. बैल नवे असतात, म्हणून मान मुरलेली नसते, म्हणून खांदा लवकर सुजून येतो.

बेंदराला, म्हणजे इकडच्या बैलपोळ्याला, मात्र जरूर या. आदल्या दिवशी खांदेमळणी असते. तूप-हळदीने खांदे मळतात, पुरणपोळी भरवतात. त्या मळणाऱ्या हाताला आवाळू लागतं तेव्हा तो हात किंचित थांबतो. तुम्ही शिंगांच्या ऑइलपेंटकडे कॅमेरा ठेवा.

परतताना अंधार पडेल. ऊसगाडीला मागे दिवा नसतो. रेडियमची लाल पट्टी चिकटवायला शंभरेक रुपये आणि दोन मिनिटं लागतात, पण बाहेर लटकलेल्या उसाने ती झाकली जाते, म्हणून ती मोळ्यांच्या वर, कापडावर शिवून बांधावी लागते. डिकीत असं कापड नसेलच. अप्पर डिपर मारा, हॉर्न दाबून धरा. बैल कडेला होतात, त्यांना सवय आहे.