उतारा वाचून दाखव रे

दर वर्षी दुबईहून सुट्टीला कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूरला येतो आणि पहिल्याच संध्याकाळी आई कपाटातून तीच प्लास्टिकची पिशवी काढते. शेताचा उतारा, लाईट बिल, पेन्शनचं पत्र. सगळं कन्नडमध्ये. "वाचून दाखव रे." मला तरी कुठं येतंय! मग शेजारच्या पोराला हाक. सत्तरीची बाई स्वतःच्या जमिनीचा कागद समजून घ्यायला आठवीतल्या पोरापुढं बसते, ते बघून पोटात तुटतं.

कन्नडशी माझं भांडण नाही, बाजारात दोन्ही बोलतच वाढलो. पण भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर असतील तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेतही द्यायचे, हे कधीचं ठरलंय. द्या की मग!

आणि महाराष्ट्रातले पुढारी? 2004 साली महाराष्ट्रानं हा मराठी सीमाभाग मागायला सुप्रीम कोर्टात दावा टाकला तेव्हा मी कॉलेजात होतो, आता माझा पोरगा कॉलेजात जाईल. निवडणुकीला आम्ही सीमाबांधव, एरवी कुणी नाही. दोन्हीकडं तापलं की निपाणीची एसटी सीमेवरच्या कोगनोळीलाच थांबते. मामाला डायलिसिसला कोल्हापूर गाठायचं असतं. गेल्या खेपेला तो भर उन्हात रस्त्याकडेला, हातात फाईल घेऊन उभा होता.