खुलासा: राणी इसाबेलाचे दागिने आणि कोलंबसची सफर

‘कोलंबसच्या सफरीसाठी स्पेनमधल्या कास्तील राज्याच्या राणी इसाबेलाने आणि दरबारातल्या स्त्रियांनी दागिने गहाण ठेवले’ हा मेसेज चुकीचा आहे. राणीचा मुकुट आणि माणकांचा हार १४८९ मध्येच, म्हणजे सफरीच्या तीन वर्षं आधी, ग्रानादाच्या युद्धातल्या बासा शहराच्या वेढ्याच्या खर्चापायी, व्हॅलेन्सियात गहाण पडला होता. सफरीसाठी ११,४०,००० मारावेदी (तेव्हाचं स्पॅनिश नाणं) उभे केले राजदरबारातला खजिनदार लुईस दे सांतान्खेलने. ती रक्कम फेडल्याची नोंद राजदरबारच्या हिशेबात सापडते. शिवाय स्पेनमधल्या पालोस या बंदराच्या गावाला जुन्या दंडापोटी दोन जहाजं द्यावी लागली. दागिन्यांची गोष्ट कोलंबसच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रातली. तिथेही राणी दागिने फक्त देऊ करते, आणि सांतान्खेल ‘गरज नाही’ म्हणतो! राणीची सखी बेआत्रिस दे बोबादिया हिने कोलंबसची बाजू घेतली, दागिने दिले नाहीत. कृपया हा मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात त्यांना हा खुलासा पाठवा.