शर्टासाठी स्थळ पाहताना

शर्ट विकायचे ठरवलेत? अभिनंदन! आता ते शिवायच्या भानगडीत स्वतः पडू नका. कारखाना दुसऱ्याचा, मशिनं दुसऱ्याची, कर्जही दुसऱ्याच्याच डोक्यावर. कॉलरवरचं लेबल तेवढं तुमचं.

आशियात स्थळांना तोटा नाही. वरपित्याच्या ऐटीत फिरा. व्हिएतनाममध्ये कंबोडियाचा भाव ऐकवा, कंबोडियात बांगलादेशचा. मजुरी कुठे वाढतेय याचा कानोसा मात्र घेत राहा. २०२३ साली बांगलादेशातले शिलाई कामगार महिना २३,००० टका किमान वेतन मागत रस्त्यावर उतरले, काहींचे जीव गेले आणि मंजूर झाले १२,५००. अशा वेळी ‘कामगारांना जगण्यापुरतं वेतन मिळायलाच हवं’ असं झकास पत्रक काढा आणि खरेदी विभागाला पुढच्या ऑर्डरचा दर पाडायला सांगा. हे दोन विभाग वेगवेगळ्या मजल्यांवर बसवलेत की कुणाचीच पंचाईत होत नाही.

मजल्यांवरून आठवलं, इमारत फार निरखून पाहू नये. ढाक्याजवळ सावारला राणा प्लाझा होती. आठ मजली, त्यातले वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले. २३ एप्रिल २०१३ रोजी तिला तडे गेलेले दिसले. खालच्या बँकेने आपली माणसं बाहेर काढली. वरच्या कारखान्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामगारांना आत घेतलं. माल वेळेत जायला हवा होता ना! इमारत कोसळली, १,१३४ माणसं गेली. ढिगाऱ्यात लेबलं सापडू लागली, तेव्हा काही नामांकित कंपन्यांनी आधी कानांवर हात ठेवले. पोटकंत्राटाची खरी सोय ही. पुढे कारखान्यांच्या सुरक्षेसाठी ‘अॅकॉर्ड’ नावाचा करार झाला, दोनशेहून अधिक कंपन्यांनी सह्या केल्या, इमारती खरोखर तपासल्या आणि दुरुस्तही झाल्या. म्हणजे मनात आणलं तर जमतं. ही गोष्ट चारचौघांत बोलू नका.

राहता राहिलं आयातशुल्क. ते ठरतं वॉशिंग्टनला. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने कंबोडियावर ४९, व्हिएतनामवर ४६, बांगलादेशवर ३७ टक्के जाहीर केलं. ऑगस्टपर्यंत तिघं वीसच्या आसपास उतरले आणि भारत ५० वर चढला. अशा वेळी तमिळनाडूत कपडे शिवणाऱ्या तिरुपूरच्या कारखानदाराला फोन लावून ‘अर्धं तुम्ही सोसा’ म्हणावं. माल शिवून, खोक्यांत भरून तयार असताना लावलात तर घासाघीस फारशी करावी लागत नाही.