हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला नाही

ऑगस्ट जवळ आला की एक मजकूर व्हॉट्सॲपवर हमखास फिरायला लागतो. त्याचा आशय असा: १८ ऑगस्ट १८६८ रोजी सर नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि तिथेच हेलियमचा शोध लावला. दुर्बीण ज्यांवर ठेवली ते ‘साहेबाचे ओटे’ आजही गडावर आहेत. म्हणून विजयदुर्ग हे हेलियमचं पाळणाघर. आणि एवढी मोठी गोष्ट असूनही शाळेत ती कुणी शिकवत नाही.

गडावर येणाऱ्या पर्यटकांना हेच सांगितलं जातं, १८ ऑगस्टला हेलियम दिनही साजरा होतो. विजयदुर्ग मला फार जवळचा आहे, आणि म्हणूनच हे खोडून काढणं मला गरजेचं वाटतं. ओटे खरे आहेत, लॉकियरही खरे आहेत. पण तारीख, प्रसंग आणि शोध या तिन्हींची सरमिसळ झाली आहे.

आधी लॉकियर यांचंच घेऊ. १८ ऑगस्ट १८६८ रोजी ते विजयदुर्गावर नव्हते, भारतातही नव्हते, इंग्लंडमध्ये होते. तेव्हा त्यांचं वय ३२ होतं. लंडनच्या युद्ध खात्यात कारकुनी करून उरलेल्या वेळात ते आकाश बघत. ‘सर’ ही पदवी त्यांना मिळाली १८९७ मध्ये. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फाकवून मिळणारा रंगांचा पट्टा, मिळवता येईल, अशी त्यांना खात्री होती. त्यासाठी त्यांनी एक चांगला वर्णपटदर्शक बनवायला टाकला होता, आणि तो हाती पडायला ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी तो सूर्यावर रोखला आणि त्यांना ज्वाळांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या. अशा रेषा प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरलेल्या असतात. त्यांतली एक पिवळी होती. हे सगळं घडलं लंडनमध्ये, आणि तेही ग्रहण नसताना.

मग १८ ऑगस्टला भारतात कोण होतं? बरेच जण होते. त्या दिवशीचा खग्रास पट्टा, म्हणजे जिथून सूर्य पूर्ण झाकलेला दिसतो तो भाग, आपल्या किनाऱ्यावरून विजापूरकडे आणि पुढे आंध्रात गेला होता. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन गुंटूरला होते. मेजर टेनंट यांची तुकडीही तिथेच होती. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणला होते. विजापूरला कॅप्टन हेग होते. आणि जमखंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी रॉयल सोसायटीची उपकरणं मांडली होती. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे नातू. मराठी माणसाला १८६८ च्या ग्रहणाशी नातं सांगायचंच असेल, तर ते सांगायला जमखंडी आहे.

या यादीत एकही ठिकाण पश्चिम किनाऱ्यावरचं नाही, आणि त्याचं कारण कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ऑगस्टच्या मध्यावर विजयदुर्गाच्या तटावर उभं राहून बघा. समुद्रावरून पावसाच्या सरीवर सर येत असते, तटाचे चिरे शेवाळाने हिरवे झालेले असतात, वाऱ्यात छत्री उघडी राहत नाही. वर्षभर तयारी करून, सातासमुद्रापलीकडून नाजूक उपकरणं आणून, ती अशा जागी आणि अशा दिवसांत कोण मांडेल? घाटमाथ्याच्या पार पलीकडे असलेल्या जमखंडीतसुद्धा हर्शेल यांना ढगांनी छळलं.

आता मुख्य दावा: त्या दिवशी हेलियमचा शोध लागला. असा शोध एका दिवसात लागला नाही, आणि लागणं शक्यही नव्हतं. घरी गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकून बघा. ज्योत पिवळीधमक होते. तो मिठातल्या सोडियमचा रंग. वर्णपटदर्शकातून पाहिलं तर त्या पिवळ्यात अगदी शेजारी-शेजारी दोन रेषा दिसतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीला. सूर्याच्या ज्वाळांमध्ये दिसलेली रेषा होती ५८७.६ च्या आसपास. फरक दीड नॅनोमीटरचा. ग्रहणाच्या पाच-सहा मिनिटांत, थरथरत्या हातांनी, ढगांकडे एक डोळा ठेवून हा फरक नेमका मोजणं किती अवघड असेल ते बघा. हर्शेल यांनाही ती रेषा दिसली, पण ती सोडियमचीच असावी असं त्यांनी धरलं. पॉगसन यांना ती सोडियमच्या जागेवर बसत नसल्याची शंका आली. जान्सेन यांचं लक्ष मुळात दुसरीकडेच होतं. रेषा इतक्या ठळक आहेत तर त्या ग्रहणाशिवायही दिसतील, हे त्यांनी ओळखलं आणि दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, गुंटूरमध्ये ते करूनही दाखवलं. त्यांचं पत्र जहाजाने पॅरिसला पोचलं आणि लॉकियर यांचं टिपणही ऑक्टोबरच्या अखेरीस तिथल्या विज्ञान अकादमीच्या त्याच बैठकीत वाचलं गेलं. फ्रान्सने पुढे दोघांचे चेहरे असलेलं एक पदक काढलं. ते पदक ग्रहणाशिवाय ज्वाळा पाहण्याच्या पद्धतीसाठी होतं, हेलियमसाठी नव्हतं.

ती पिवळी रेषा सोडियमच्या दोन्ही रेषांपेक्षा वेगळी आहे, हे लॉकियर यांनी ग्रहणानंतर मोजमापं करून पक्कं केलं. आधी त्यांनी आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनमधून ती रेषा मिळते का, ते तपासलं. ती मिळाली नाही. मग हे नवंच मूलद्रव्य असावं, असा विचार पुढे आला. १८७१ मध्ये विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिन यांनी, ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेपुढच्या भाषणात हेलियम हे नाव घेतलं. तरीही पुढची वीसेक वर्षं बरेच रसायनशास्त्रज्ञ ते मानायला तयार नव्हते. प्रयोगशाळेत कुणाच्या हाती न लागलेलं मूलद्रव्य मानायचं कसं? १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांनी युरेनियमच्या एका खनिजावर आम्ल टाकून निघालेला वायू तपासला, त्यात तीच पिवळी रेषा सापडली आणि वाद मिटला. १८६८ ते १८९५ अशी ही सत्तावीस वर्षांची, अनेक माणसांची गोष्ट आहे. तिचं एकच पाळणाघर कुठेही दाखवता येत नाही, लंडनमध्येही नाही.

राहिले ओटे. माझ्या मते सगळी गल्लत इथेच झाली. लॉकियर विजयदुर्गला आले होते, हे अगदी खरं. फक्त ते आले १८९८ मध्ये. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा आपल्या किनाऱ्यावर विजयदुर्गाजवळ चढला आणि महाराष्ट्र ओलांडून पुढे गेला. लॉकियर यांनी विजयदुर्ग निवडला. मदतीला ब्रिटिश आरमाराचं ‘मेल्पोमिनी’ हे जहाज आणि त्यावरचे खलाशी होते. त्या निरीक्षणांचा अहवाल लॉकियर, जहाजाचे कप्तान चिझम-बॅटन आणि कलकत्त्याचे प्राध्यापक पेडलर यांच्या नावाने रॉयल सोसायटीने छापला, आणि त्याच्या शीर्षकातच विजयदुर्गाचं नाव आहे. जानेवारीतलं कोकणचं निरभ्र आकाश, बंदराला लागलेलं जहाज, सामान उतरवायला खाडी: जागेची निवड इथे लगेच पटते.

ओट्यांचं प्रयोजनही तिथे कळतं. मोठा कॅमेरा मोकळ्या जमिनीवर उभा केला तर माणूस शेजारून चालला तरी तो हलतो आणि आतल्या काचेवरचं छायाचित्र बिघडतं. म्हणून उपकरणांना पक्का बांधलेला पाया लागतो. खग्रास अवस्था होती जेमतेम दोन मिनिटांची. एवढ्या वेळात लॉकियर यांच्या तुकडीला प्रिझम लावलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या कडेचा, सूर्य झाकताना आणि उघडताना क्षणभर चमकणारा वर्णपट टिपायचा होता. सूर्याच्या कडेवरच्या या पातळ थराच्या वर्णपटात हेलियमच्या रेषा असतात. ज्या रेषेचा माग लॉकियर यांनी तीस वर्षांपूर्वी लंडनमध्ये काढला होता, ती आता ओळख पटलेल्या मूलद्रव्याची होती, आणि ते स्वतः साठी ओलांडलेले. हे आपल्या गडावर घडलं. मला यात १८६८ च्या सांगोवांगीपेक्षा कितीतरी जास्त अभिमान वाटतो.

आणि १८९८ चं ग्रहण विजयदुर्गापुरतं नव्हतं. करमाळ्याजवळच्या जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे नायगमवाला यांनी तळ दिला होता, तिथेच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँपबेल होते. पुलगावला केंब्रिजचे न्यूअल होते. वऱ्हाडातल्या तळणीला अ‍ॅनी माँडर यांनी सूर्याच्या प्रभामंडळाचं (करोनाचं) छायाचित्र घेतलं, त्यात प्रभेचा एक झोत आधी कधी टिपला गेला नव्हता इतक्या लांबवर दिसतो. महाराष्ट्राच्या नकाशावर एका दुपारी एवढं विज्ञान चाललं होतं, आणि आपण मात्र लॉकियर यांना भर पावसाळ्यात गडावर नेऊन बसवतो.

‘शाळेत शिकवत नाहीत’ ही तक्रारही त्यामुळे उरत नाही. जे घडलंच नाही ते पुस्तकात नाही, हे बरंच आहे.

लोक म्हणतील, चार पर्यटक या गोष्टीमुळे येतात, कशाला मोडता घालता? विजयदुर्गाला पर्यटक आणायला तिहेरी तटबंदी पुरेशी आहे. खूबलढा बुरूज आहे, आंग्र्यांचं आरमार आहे, आणि गडाजवळच्या समुद्रात बुडालेली, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी पाहिलेली भिंत आहे. त्या यादीत १८९८ चे ओटे खऱ्या तारखेसह मानाने बसतात. गडावर माहिती सांगणाऱ्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे: पाहुण्यांना तारीख २२ जानेवारी १८९८ सांगा, मेल्पोमिनीच्या खलाशांबद्दल सांगा, त्या दोन मिनिटांत काय करायचं होतं ते सांगा. आणि दिन साजरा करायचाच असेल तर जानेवारीत करा. पाऊस नसतो, मुलांना ओट्यांवर उभं करून सूर्य पाहण्यासाठीच्या प्रमाणित चष्म्यातून सूर्य दाखवता येतो, साध्या प्रिझमने त्याचा वर्णपट कागदावर पाडता येतो, आणि मिठाची ती पिवळी ज्योतही तिथेच पेटवून दाखवता येते.