बुंडेसवेअरचं पत्र आणि मामांचा मेसेज

गेल्या महिन्यात आमच्या टपालपेटीत जर्मन सैन्याचं, म्हणजे बुंडेसवेअरचं पत्र आलं. मुलाच्या नावानं. तो २००८ चा, पासपोर्ट जर्मन. १ जानेवारी २०२६ पासून इथे जर्मनीत १८ वर्षांच्या मुलांना सैन्याची प्रश्नावली भरणं बंधनकारक झालंय, मुलींना ऐच्छिक आहे. उंची, वजन, शिक्षण, सैन्यात यायची इच्छा आहे का, असं सगळं त्यात विचारतात. सक्तीची भरती २०११ पासून स्थगित आहे, पण स्वयंसेवक कमी पडले तर संसदेला पुढचा निर्णय घेता येईल, अशी सोय नव्या कायद्यात आहे.

त्याच संध्याकाळी सांगलीहून मामांनी घरच्या ग्रुपवर लिहिलं, "युरोप आणि जपान इतकी वर्षं अमेरिकेच्या ओसरीवर निवांत झोपले होते. आता मालकानं पांघरूण ओढल्यावर जाग आली." खाली टाळ्यांची रांग.

मामा, तुमचं चुकलेलं नाही. स्वतःच्या संरक्षणाचा खर्च जर्मनीनं फार वर्षं टाळला. रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर, फेब्रुवारी २०२२ मध्ये, तेव्हाचे सरकारप्रमुख, चॅन्सेलर शोल्त्स यांनी सैन्यासाठी १०० अब्ज युरोंचा खास निधी जाहीर केला, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. मलाही वाटतं की युरोपनं आपल्या पायावर उभं राहायलाच हवं. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीआधी फ्रीडरिश मेर्त्स, जे पुढे चॅन्सेलर झाले, ते कर्जमर्यादेचे, म्हणजे सरकारनं किती कर्ज काढावं यावरच्या राज्यघटनेतल्या बंधनाचे, राखणदार म्हणून मतं मागत होते. निकाल लागला आणि महिनाभराच्या आत, १८ मार्चला, मुदत संपत आलेल्या जुन्याच संसदेत राज्यघटना बदलण्याचं विधेयक मंजूर झालं. नव्या संसदेत दोन-तृतीयांश मतं जमणार नव्हती, म्हणून ही घाई. संरक्षणावरचा, देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) १ टक्क्यापलीकडचा खर्च कर्जमर्यादेतून सुटला, शिवाय रस्ते, रेल्वे, पुलांसाठी ५०० अब्ज युरोंचा निधी. यातलं बरंचसं गरजेचं होतं. पण ते मत मागताना सांगायला हवं होतं. इथे श्टुटगार्टच्या आसपास मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या नोकऱ्या जाताहेत. अशा माणसाला पैसे कुठून आले आणि फेडणार कोण, हे कुणी धड सांगितलं नाही, की तो सोपं उत्तर देणाऱ्याकडे वळतो. ते उत्तर म्हणजे आम्ही, बाहेरून आलेले. बाहेरून येणाऱ्यांना विरोध करणाऱ्या एएफडी पक्षाला त्या निवडणुकीत २०.८ टक्के मतं मिळाली, आधीच्या जवळपास दुप्पट.

टोकियोत निशी-कासाईला राहणारी माझी मावसबहीण फोनवर हेच सांगते. २०२५ च्या वसंतात तिथे ५ किलो तांदूळ ४,००० येनांच्या वर गेला, वर्षभरात दुप्पट. आपल्या भातखाऊ घराला ते लगेच जाणवलं. जुलैत वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत 'जपानी आधी' म्हणणाऱ्या सानसेइतो पक्षानं १४ जागा जिंकल्या. ऑक्टोबरमध्ये साने ताकाइची पंतप्रधान झाल्या आणि संरक्षणखर्च सकल उत्पादनाच्या २ टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट त्यांनी दोन वर्षं अलीकडे आणलं. तैवानवर हल्ला झाला तर तो जपानच्या अस्तित्वाचा प्रश्न ठरू शकतो, असं त्या ७ नोव्हेंबरला संसदेत म्हणाल्या, आणि चीननं आपल्या नागरिकांना जपानला जाऊ नका असं सांगितलं. याच काळात परदेशी माणसाला धंद्याच्या व्हिसासाठी लागणारं भांडवल ५० लाख येनांवरून ३ कोटी झालं. बहिणीच्या गल्लीत करी विकणारा माणूस तिला कागद दाखवून विचारतो, एवढे कुठून आणू? तैवानच्या सामुद्रधुनीशी त्याचा काय संबंध? पण देश घाबरला की पहिला हात जवळच्या परक्यावर पडतो.

आपल्या ग्रुपवर 'बहुध्रुवीय जग' हा शब्द अभिमानानं येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हा कोण झुकलं आणि कोण नाही यावर चार दिवस वाद झाला. मुंबईत सीप्झच्या निर्यात वसाहतीत दागिने घडवणाऱ्यांचं, तिरुप्पूरच्या शिलाई कामगारांचं काय झालं, हे कुणीच लिहिलं नाही. मीही विचारलं नाही, याची मला आता टोचणी लागलीय.

इकडे जर्मनीत, ५ डिसेंबर २०२५ ला, प्रश्नावलीचा हा सैनिकी सेवेचा कायदा संसदेत मंजूर झाला, त्याच दिवशी अनेक शहरांत शाळकरी मुलं त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली. माझा मुलगाही गेला होता. त्याचा जिवलग मित्र मात्र आपणहून भरती होतोय. महिन्याला सुमारे २,६०० युरो मिळतात, आणि कुणीतरी जायलाच हवं असं त्याला मनापासून वाटतं. दोघं आमच्या स्वयंपाकघरात रात्री उशिरापर्यंत भांडले, मग पोहे करून खाल्ले.

प्रश्नावलीत उंची-वजन भरून झालंय. इच्छेचा रकाना अजून रिकामा आहे. मामा, त्याच्याशी बोलायचं असेल तर रविवारी फोन करा, तो घरी असतो. आधी त्याचं ऐकून घ्या.