गटाचं नाव: कटकट

आमच्या प्रयोगशाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये माझं नाव 'कटकट' या गटात आहे. होतं म्हणायला हवं, कारण गुरुवारी गटाचं नाव बदललं. पण आत ऑडिट ट्रेल नावाची जी नोंद असते तिच्यातलं काहीही पुसता येत नाही. ती ठेवतात त्याचसाठी. कोणी, कधी, काय आणि कशासाठी बदललं ते सगळं तारीख-वेळेसकट जपून राहतं. उद्या मी निवृत्त झाले, लॅब विकली गेली, या जागेवर मंगल कार्यालय उभं राहिलं, तरी कुठल्यातरी सर्व्हरवर भर दुपारी मला 'कटकट'मध्ये टाकल्याचा पुरावा ठणठणीत असणार.

हे मला कळलं तेही पाहुण्यांसमोर. परीक्षक आले होते. दर खेपेला तापमानाच्या वह्या आणि वजनकाट्यांचे दाखले बघून चहा घेणारे हे गृहस्थ या वेळी एकदम म्हणाले, "तुमच्या वापरकर्त्यांची यादी दाखवा बरं." यादी पडद्यावर आली. त्यांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "हा गट कसला?" कोणी बोलेना. परीक्षक कोल्हापूरचे, त्यामुळे हे कुठल्या चाचणीचं लघुरूप आहे अशी थाप मारायचीही सोय नव्हती. गटावर टिचकी मारली. पहिलं नाव माझं.

आम्ही नाशिकजवळ द्राक्षांतले कीटकनाशकांचे अंश तपासतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या औषधापायी, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत सीसीसीपायी, युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हापासून 'अंश' हा शब्द ऐकला की निर्यातदाराच्या घशाला कोरड पडते. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा. एवढ्याशा आकड्यावर कंटेनर न्हावाशेव्याच्या रस्त्याला लागणार की नाही ते ठरतं. म्हणून दोन पथ्यं पाळायची. नमुना कोणाच्या बागेतला आहे ते तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही, त्याला फक्त सांकेतिक क्रमांक. आणि आकडा काय आला ते अहवालावर सही होईपर्यंत बाहेर कोणाला कळू द्यायचं नाही. आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत निःपक्षपात आणि गोपनीयता ही कलमं यंत्रं आणि पद्धतींच्याही आधी येतात. आमच्याकडे ती भिंतीवर लॅमिनेट करून लावली आहेत, पाण्याच्या कूलरच्या वर.

सॉफ्टवेअर आलं ते ऐन हंगामात, फेब्रुवारीत. शिकवायला एक मुलगा आला, तेव्हा आम्ही सगळे यंत्रांना चिकटलेलो. शेवटपर्यंत बसले ते एकटे काका. काका म्हणजे नमुने घेण्याच्या खिडकीवरचे. वर्षानुवर्षं आवक रजिस्टर त्यांच्या ताब्यात. त्या मुलाला कोणाला तरी ॲडमिन करून पाचची गाडी गाठायची होती. त्यानं काकांना केलं.

जाताना त्यानं सांगितलं ते चोख होतं. टीमप्रमाणे गट करा, प्रत्येक गटाला फोल्डर द्या, फोल्डरवर पाहणं, लिहिणं, मंजूर करणं आणि काढून टाकणं हे अधिकार वेगवेगळे ठेवा, आणि कोणालाही गरजेपेक्षा जास्त देऊ नका. काकांनी शेवटचं वाक्य काळजावर कोरून घेतलं. कोणाची गरज किती ते कोणी ठरवायचं, हे त्या मुलानं सांगितलं नव्हतं.

परीक्षक जेवायला गेल्यावर मी तडक खिडकीवर गेले. काका पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते.

"काका, ते कटकट काय आहे?"

"कुठलं?"

"ज्यात मी आहे ते."

"अच्छा, ते होय." काकांनी चिठ्ठी नीट दाबून बसवली. "त्या पोरानं गट करायला लावले ना. नाव टाकल्याशिवाय पुढं जाईचना."

"मग केमिस्ट्री टाकायचं."

"केमिस्ट्रीत सगळेच आहेत की ताई. त्यानं काय कळणार? उद्या मी नसलो, माझ्या जागी दुसरा बसला, तर त्याला एका नजरेत माणूस ओळखू आला पाहिजे."

काकांनी मोठ्या अभिमानानं यादी उघडली. 'साहेब लोक'. 'नवी पोरं'. 'नाइटवाले'. 'गोड'. 'कटकट'. 'गोड' म्हणजे द्राक्षांची ब्रिक्स, गोडी, मोजणाऱ्यांचा गट असावा असं मला वाटलं. तर नाही. 'गोड' म्हणजे गोड बोलणारे.

"आणि कटकटमध्ये माझ्याबरोबर कोण?"

"क्वालिटीच्या मॅडम. आणि काट्यांचं कॅलिब्रेशन करायला येतो ना, तो."

"काका, तो बाहेरचा माणूस आहे! त्याला लॉगिन कशाला?"

"पण आला की बोलतो किती."

मी एक खोल श्वास घेतला. "बरं, मला माझ्या टीमच्या नोंदी दुरुस्त का करता येत नाहीत?"

"करायच्याच नाहीत."

"का?"

"सिक्युरिटी. तुम्हाला दिली की तुम्ही बदलणार."

"बदलायलाच हवं ना! माझ्या टीममधल्या एका पोरानं दहा ग्रॅमच्या जागी शंभर ग्रॅम टाकलंय."

"बघा," काका म्हणाले, "म्हणजे बदलणारच होतात."

"अहो, त्यासाठी मी रीतसर विनंती टाकली आहे सॉफ्टवेअरमधून. ती मंजुरीला टीमप्रमुखाकडे गेली."

"मग त्यांना गाठा."

"टीमप्रमुख मीच आहे."

काका थोडा वेळ पेटीकडे बघत राहिले. "मग टाका की करून मंजूर."

"कटकट गटाला मंजुरीचा अधिकार नाही."

"हां!" काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे बरोबर चाललंय. त्या पोरानं बजावलं होतं, स्वतःची विनंती स्वतःला पास करता येता कामा नये."

चीड या गोष्टीची की हे खरं आहे. मागणारा आणि देणारा एक नको, हे जगभर मानतात. काकांचं रजिस्टर मी पाहिलेलं आहे. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी सही आणि तारीख, व्हाइटनरचा ठिपका नाही. आमच्यातल्या पदव्युत्तर मंडळींना हे शिकवायला व्याख्यानं ठेवावी लागतात. खुद्द मालकांनी मागितलं तरी रजिस्टर खिडकीबाहेर जायचं नाही, तिथंच उभं राहून बघा. त्या माणसाच्या हातात सॉफ्टवेअर दिलं, तर त्यानं त्याचंही कपाट केलं आणि किल्ली कनवटीला लावली. दोष द्यायचा तर कोणाला?

पण जुन्या एक्सेलपेक्षा हे बरंच म्हणायचं. एक्सेलच्या काळात निफाडच्या एका बागेचा गट नंबर १२/३ टाकला की त्याची १२ मार्च व्हायची. आपण परत १२/३ टाकावं, त्यानं परत १२ मार्च करावं. दिंडोरीच्या एका प्लॉटची तर चक्क ऑगस्टातली तारीख झाली होती. शेतकरी म्हणाला, तेव्हा तर माझी छाटणी पण झाली नव्हती. आणि यात आपण अडाणी आहोत असं समजू नका. मानवी जनुकांची मार्च१, सेप्ट१ अशी नावं एक्सेल तारखा समजून बदलायचं. जगभरच्या शास्त्रज्ञांचे तक्ते नासले. अखेर २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली: मार्चएफ१, सेप्टिन१. एक्सेल जिंकलं. त्याच वर्षी इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत जुन्या पद्धतीच्या तक्त्यातल्या ओळी संपल्या आणि कोविडचे १५,८४१ रुग्ण मोजणीतून गळाले. तेव्हा आमचा १२ मार्च अगदीच किरकोळ.

नवीन सॉफ्टवेअरमध्ये असलं काही होत नाही. प्रत्येक पाकिटाला बारकोड असतो. फक्त खरेदी विभागानं बारकोडाची लेबलं स्टेशनरीच्या दुकानातून आणली, आणि उणे २० च्या फ्रीजरमध्ये त्या डिंकाचा जीव दोन दिवसांत जातो. पाकिटावर बर्फाची साय चढते, ती ॲप्रनच्या कडेनं पुसावी तर साय निघते आणि लेबलही निघतं. मागे एक सुटं लेबल माझ्या ग्लोव्हच्या पाठीवर चिकटलं होतं. मी पाकीट स्कॅनरखाली धरलं, स्कॅनरनं माझा हात वाचला आणि पिंपळगावची थॉम्पसन द्राक्षं जमा करून घेतली. थंडीत टिकणारी लेबलं मिळतात, मी दोनदा लिहून दिलं. ती मागणी बहुधा 'कटकट' फोल्डरमध्ये असेल.

इथपर्यंत मी हसून सांगते. पुढचं सांगताना नाही हसू येत.

'गोड' गटाला काकांनी सगळे अधिकार दिलेले आहेत. त्यात आमच्या मार्केटिंगचा मुलगा आहे. सकाळी खिडकीशी थांबतो, काकांच्या नातवाची चौकशी करतो, जाताना "काका, तुमच्याशिवाय लॅब चालायची नाही" म्हणतो. त्या मुलाला यंत्रातून उतरलेला प्रत्येक आकडा माझ्या आधी दिसतो. मागच्या महिन्यात मी अजून क्रोमॅटोग्राम, म्हणजे यंत्रानं काढलेला आलेख, उघडलाही नव्हता, तर एका निर्यातदाराचा मला थेट फोन. "ताई, ते ०.०१२ जरा परत बघा ना. गाडी भरून उभी आहे."

मर्यादेच्या इतक्या जवळचा आकडा आला की मी राखून ठेवलेलं पाकीट काढून चाचणी परत करतेच. कोणी सांगायची गरज नसते. पण आता समजा दुसऱ्यांदा ०.००९ आलं, तर? प्रामाणिकपणे आलं, तरी? फोन आधी, आकडा नंतर. माझ्यावर कोणी का विश्वास ठेवावा? आणि ज्याच्या बागेतली द्राक्षं आहेत त्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला व्यापाऱ्याकडून एवढंच कळतं की लॅबवाल्यांनी माल नापास केला.

हे साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, "आपलाच मुलगा आहे तो." त्यांच्या लेखी चोर म्हणजे टोपीवाला हॅकर, रात्री रशियातून येणारा. त्याच्यासाठी महागडी फायरवॉल घेतली. सॉफ्टवेअरच्या परवान्यांवर मात्र काटकसर केली, त्यामुळे 'नाइटवाले' सगळे मिळून एकच लॉगिन वापरतात. नोंद ज्याची त्याच्या नावावर हवी, हा या धंद्यातला पहिला नियम. आमच्या ऑडिट ट्रेलप्रमाणे मात्र एक मुलगा फेब्रुवारीपासून झोपलेला नाही, आणि एकाच मिनिटाला तो तळमजल्यावर नमुने वजन करतोय आणि वरच्या मजल्यावर यंत्र लावतोय. परीक्षकांनी हे बघितलं नाही. ते 'कटकट'वरच अडकले.

पासवर्ड दर महिन्याला बदलावा लागतो. उगाच ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, असं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१७ सालीच सांगून ठेवलंय, कारण माणसं मग शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. आमच्याकडे तेवढाही त्रास नाही. पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर, एकादशी आणि गॅस सिलिंडरच्या नोंदींच्या मध्ये लिहिलेला असतो. शिवाय आत मोबाईल न्यायला बंदी आणि लॉगिनचा ओटीपी मोबाईलवर, म्हणून स्थापनेच्या दिवशी सगळ्यांच्या नावापुढे बाहेर बसणाऱ्या माणसाचा नंबर टाकला गेला. काकांचा. सकाळी नऊला आम्ही एम.एस्सी., पीएच.डी. झालेले लोक खिडकीपुढे रांगेनं उभे असतो आणि काका मोठ्यानं आकडे वाचून दाखवतात. बाहेर पेट्या उतरवणारे हमालही ऐकतात. त्यांतला एक जण परवा मला म्हणाला, "ताई, तुमचा आला बघा, चार-शून्य-सात..."

परीक्षकांनी शेरा लिहिला: वापरकर्ता गटांची नावं कामाशी सुसंगत असावीत. बस. बाकी काही नाही. त्यानुसार काकांनी गुरुवारी नाव बदलून 'केमिस्ट्री (जुनी कटकट)' असं केलंय. कंसातलं शोधायला सोपं पडावं म्हणून.

शेरा आला की सुधारणेचा फॉर्म भरावा लागतो. त्यात मूळ कारण शोधायचं असतं, पाच वेळा 'का' विचारून. ॲडमिन या नात्यानं तो काकांनी भरला, त्यांच्या त्या सुरेख अक्षरात. गट का झाला? ताई कटकट करतात म्हणून. का करतात? नोंदी दुरुस्त करता येत नाहीत म्हणून. का करता येत नाहीत? अधिकार नाही म्हणून. अधिकार का नाही? त्या कटकट गटात आहेत म्हणून. पाचव्या 'का'पुढे लिहिलंय: वरीलप्रमाणे.

खाली 'टीमप्रमुख यांना मान्य' अशी सहीची जागा आहे. मालक म्हणतात, करून टाका, आता हंगाम आहे. मी कालपासून फॉर्म टेबलावर तसाच ठेवलाय. काकांनी दोनदा आठवण करून दिली, आणि दुसऱ्यांदा जाता जाता म्हणाले, "सही केली असती तर एव्हाना तुम्हाला 'गोड'मध्ये टाकलं असतं."